किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत, छापत नाही. दिवाळीनंतर घरातली सहा माणसं मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाऊन येणार आहेत: त्या, त्यांचा नवरा, सासू-सासरे, नुकताच दहावी झालेला मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. केबिन दोन. एकीत सासू-सासरे आणि मुलगा, दुसरीत हे तिघं. बोटीवर प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, तीच खोलीची किल्ली आणि तेच पैशाचं पाकीट, एवढं बुकिंग करणाऱ्याने सांगितलं आणि घरात ठिणगी पडली. नवरा म्हणतो, सहाही कार्डं माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये राहतील, हरवली तर कोण निस्तरणार? मुलगा म्हणतो, मग मी येतच नाही. सासूबाईंना कार्डावर मार्करने खोलीचा नंबर लिहून हवाय. सासरे म्हणतात, "मला कार्डच नको. मुलाच्या खात्यावर चहा पिण्यापेक्षा मी रोख देईन." आणि ताई स्वतः लिहितात, "मी विसराळू आहे हे खरं, त्यामुळे माझं कार्ड यांच्याकडे राहिलं तर माझी हरकत नाही. पण मागच्या वर्षी महाबळेश्वरला खोलीची दोन्ही कार्डं यांच्या खिशात होती आणि हे बाजारात. मी ओल्या कपड्यांत, मुलीला घेऊन पाऊण तास दाराबाहेर उभी होते. कार्डं नक्की कोणाकडे ठेवावीत? मुलाच्या हातात दिलं तर तो किती उडवेल? तो कुठे आहे हे कार्डावरून आम्हाला कळेल का?"

ताई,

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. 'माझी हरकत नाही.' आणि लगेच पुढच्या ओळीत महाबळेश्वर, ओले कपडे, पाऊण तास. हरकत आहे तुमची. चांगली पाऊण तासाची हरकत आहे. ती आधी स्वतःशी मान्य करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

घोटाळा मला वाटतं 'किल्ली' या शब्दाने केलाय. आपल्याकडे किल्ली म्हणजे नुसतं दार उघडायचं साधन कधीच नव्हतं. माझी आजी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून असायची. कोठीची, कपाटाची, लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या फडताळाची. ती चालली की आवाज यायचा आणि त्या आवाजाने सुना सावरून बसायच्या. ज्या दिवशी तिने तो जुडगा माझ्या आईच्या हातात दिला, त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाजी काय करायची हे आईला कोणी विचारायला लागलं. तुमच्या घरात जो वाद चाललाय तो या जुडग्याचा आहे. तुमचे यजमान मागतायत ते कार्ड नव्हे, जुडगा.

आणि बोटीवरचं कार्ड जुडग्यात ओवता येत नाही. ते किल्लीपेक्षा लोकलच्या पासासारखं आहे. मुलगा आता कॉलेजला जाईल, त्याचा मुलुंड ते जिथे असेल तिथला पास निघेल. तो पास तुम्ही वडलांच्या खिशात ठेवाल का? टीसीने पकडलं तर 'पास बाबांकडे आहे, ते पुढच्या डब्यात आहेत' असं सांगून सुटेल का पोरगा? ज्याचा पास त्याच्या अंगावर. इथेही तेच.

ते कार्ड मुळात काय करतं, ते सांगते. मी एकदाच गेलेय, बहिणीच्या कुटुंबाबरोबर, पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे जिथे कार्ड आणि काउंटर दिसतं तिथे मी उभी राहून प्रश्न विचारते. बहीण वैतागते.

बॅलार्ड पिअरला तुमची ओळखपत्रं तपासली जातील. देशातल्या देशात जाणार आहात, त्यामुळे सरकारी फोटो ओळखपत्र लागेल. प्रत्येकाचा फोटो काढतील, किंवा आधी ऑनलाइन चढवलेला तपासतील. मग हातात एटीएम कार्डाएवढं एक प्लास्टिकचं कार्ड पडेल. त्यावर तुमचं नाव, बोटीचं नाव, सफरीची तारीख, बहुतेक वेळा जेवणाच्या पाळीची खूण आणि एक अक्षर किंवा आकडा. त्या अक्षराकडे नंतर येते. फोटो सहसा कार्डावर नसतो, तो बोटीच्या संगणकात असतो. बोटीतून बाहेर पडताना आणि परत चढताना दारातला माणूस कार्ड यंत्राला लावतो, टिंग वाजतं, त्याच्या पडद्यावर तुमचा चेहरा उमटतो, तो पडद्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. जुळलं की पुढे. त्या टिंगने बोटीला कळतं की ही बाई आता उतरली, हा मुलगा अजून वर आहे. संध्याकाळी नांगर उचलायच्या आधी कोण किनाऱ्यावर राहिलं, हे त्यावरूनच काढतात.

लक्षद्वीपला बोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात उभी राहते आणि लहान होड्यांतून माणसं बेटावर नेतात. आपल्या आज्या-पणज्या कोकणच्या बोटीतून पडावात उतरायच्या ना, थेट तसंच, फक्त लाइफ जॅकेट घालून आणि शिस्तीत. आता डोळ्यांसमोर आणा. खालच्या मजल्यावर उघडं दार, पुढे हेलकावणारी होडी, मागे रांग. सहा जणांची कार्डं यजमानांच्या पाऊचमध्ये. मुलगा मित्र जमवून पहिल्या होडीच्या रांगेत पोचलेला, सासूबाई अजून लिफ्टमध्ये, तुम्ही मुलीची टोपी आणायला केबिनकडे वळलेल्या. हे मध्ये उभे, हातात सहा कार्डं, कोणाचं कुठलं ते चष्मा वर करून वाचतायत. सुट्टीवर आलेल्या माणसाने टीसी का व्हावं?

आता ते अक्षर. संकट आलं तर कुठे जमायचं, त्या जागेची ती खूण आहे. बोटीवर त्याला मस्टर स्टेशन म्हणतात. पहिल्या दिवशी बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या त्याचा सराव होतो. अनेक बोटींवर तुम्ही त्या जागी जाऊन कार्ड लावता, म्हणजे तुमची हजेरी लागते. लोक याला कंटाळतात, 'चहा गार होतोय' म्हणतात. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ती मुभा गेली. आपल्याला तर इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि त्या दिवशी बोटीवर नक्की किती जण होते याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्या हातातलं कार्ड ही आधी शिरगणती आहे. किल्ली आणि पाकीट नंतर.

तुमच्या घरापुरती यातली एक गोष्ट महत्त्वाची. जमायची जागा बहुतेक ठिकाणी केबिननुसार ठरते. तुमचा मुलगा आजी-आजोबांच्या केबिनमध्ये आहे, म्हणजे त्याचं अक्षर तुमच्यासारखं नसून त्यांच्यासारखं असण्याची शक्यता जास्त. चढल्या चढल्या सहाही कार्डं एका टेबलावर मांडून अक्षरं बघा. यजमानांना कार्डं हाताळायची हौस आहे ना, तेव्हा पुरवून घेऊ दे. आणि अक्षर वेगळं निघालं तर मुलाला सगळ्यांसमोर सांगा: भोंगा वाजला तर आम्हाला शोधत यायचं नाही. आजी-आजोबांना घेऊन तू तुमच्या जागी जायचं, आम्ही आमच्या जागी जातो. ज्या पोराला 'मग मी येतच नाही' म्हणावंसं वाटतंय, त्याला कार्ड हातात हवंय याचा अर्थ त्याला मोजलं जायला हवंय. त्याला दोन म्हाताऱ्या माणसांची खरी जबाबदारी द्या. बघा, जिना कुठे आहे ते तोच आधी पाठ करेल.

मुलाच्या उधळपट्टीकडे वळते, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. कार्ड लावलं की रक्कम तुमच्या खात्यावर चढते आणि शेवटच्या दिवशी बिल. म्हणजे ही वाण्याची वही. लहानपणी आम्हाला वाण्याकडे पाठवायचे, 'वहीवर लिहायला सांग' म्हणून. साखरेबरोबर मी दोन लिमलेटच्या गोळ्याही लिहून घ्यायचे आणि महिनाअखेरीला आईचा आवाज चढायचा. गोष्ट तीच, फक्त इथे वाणी पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून हसत असतो आणि गोळ्यांच्या किमती वाचून तुम्हाला घाम फुटतो. रोजचं मुख्य जेवण तिकिटात धरलेलं असतं. वर चढतात ती शीतपेयं, वेगळ्या रेस्तराँमधलं खाणं, फोटोग्राफरने काढलेले फोटो, इंटरनेट, स्पा, आणि ज्या बोटीवर व्हिडिओ गेम्सची खोली आहे तिथे ती खोली. त्या खोलीत नाणी टाकावी लागत नाहीत. कार्ड लावलं की खेळ सुरू, पुन्हा लावलं की पुन्हा सुरू. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तिथे पैसे गेल्याचं कळतसुद्धा नाही. तुमच्या-माझ्यासारखीलाही कळणार नाही.

पण 'कार्ड द्यायचं म्हणजे पैसे द्यायचे' हे समीकरण तुम्ही घरात बसून मांडलंत, बोटीने नाही. दार उघडणं, ओळख पटवणं आणि खर्च करणं ही एकाच कार्डावरची तीन वेगळी कामं आहेत, आणि तिसरं बंद करता येतं. रिसेप्शनला जाऊन सांगायचं, या कार्डावर खर्च नको. काही बोटींवर मुलांची कार्डं मुळात बंदच देतात आणि आई-वडिलांनी सही केली तर उघडतात. काहींवर उघडीच असतात आणि आपण विचारलं तर बंद करतात. मर्यादाही घालून मिळते बऱ्याच ठिकाणी. कुठली पद्धत आहे हे गृहीत धरू नका, पहिल्या तासात विचारा. मी तुमच्या जागी असते तर पूर्ण बंद केलं नसतं. एक रक्कम ठरवून तेवढीच उघडी ठेवली असती आणि संपली की संपली म्हटलं असतं. पण घर तुमचं.

यात तुमच्या केबिनच्या वाटणीमुळे एक गाठ आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खातं बहुतेक वेळा केबिनला जोडलेलं असतं. मुलगा आजोबांच्या केबिनमध्ये, म्हणजे काउंटरवर काही सांगितलं नाहीत तर त्याचे गेम्स आजोबांच्या खात्यावर चढू शकतात. जे आजोबा मुलाच्या पैशाचा चहा घ्यायला तयार नाहीत, त्यांच्या नावावर नातवाचा हिशोब निघाला तर... ते काही बोलणार नाहीत. गप्प राहून भरतील. ते अधिक वाईट. म्हणून काउंटरवर स्पष्ट सांगा की या मुलाचं कार्ड आमच्या केबिनच्या खात्याला जोडा.

सासऱ्यांबद्दल मी जरा थांबते.

'मला कार्डच नको' हे हट्टाचं वाटेल, पण त्यात चुकीचं काही नाही. माणसाने हयातभर स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिलेत. आता चहा मागितला की कोणीतरी 'तुमच्या मुलाच्या खात्यावर टाकू ना, सर' म्हणणार, दिवसातून चार वेळा. तुमचे यजमान 'बाबा, घ्या हो, काय होतंय' म्हणत असतील आणि ते प्रेमानेच म्हणत असतील. तरी ते टोचतं. उपाय अगदी साधा आहे: त्यांच्या कार्डाला मुलाचं खातं जोडूच नका. अनेक बोटींवर क्रेडिट कार्डाऐवजी रोख अनामत भरून खातं उघडता येतं. बाबांना काउंटरवर घेऊन जा, त्यांना त्यांच्या पाकिटातून नोटा मोजून देऊ दे, पावती त्यांच्या हातात पडू दे. उरलेले पैसे शेवटी परत मिळतात. काउंटरवर नोट मोजून देताना म्हाताऱ्या माणसांचा चेहरा कसा होतो हे मी तीस वर्षं काचेच्या पलीकडून बघितलंय. मग बघा, तेच तुम्हाला सगळ्यांना कॉफीला बोलावतील.

बँकवाली म्हणून आणखी दोन गोष्टी. तुमच्या खात्याला शक्यतो डेबिट कार्ड जोडू नका. बोटवाले अंदाजे रक्कम आधीच अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डात ती मर्यादेतून जाते, डेबिटमध्ये तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि बिल भागल्यावरही उरलेले सुटायला काही दिवस लागतात. आणि कार्ड जोडायचं काम धक्क्यावर असतानाच उरका. बोट पुढे गेली की मोबाइलची रेंज जाते, मग ओटीपी येत नाही आणि माणसं रिसेप्शनसमोर फोन उंच धरून गोल गोल फिरतात. मी त्यातलीच एक होते. पुढे फोन फ्लाइट मोडवर टाका. बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर ते फार महाग पडतं.

बिल शेवटच्या रात्रीपर्यंत बघायचंच नाही ही चूक सगळे करतात. त्या रात्री सगळी बोट रिसेप्शनसमोर उभी असते. त्यापेक्षा सफरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, लोक नाश्त्याला गेलेले असतात तेव्हा जा आणि आतापर्यंतचा हिशोब मागा. केबिनमधल्या टीव्हीवर दिसत असेल तर त्याहून उत्तम. चुकीची नोंद त्याच दिवशी सांगितली तर निस्तरते. परदेशी बोटींवर जाणाऱ्या वाचकांसाठी: तिथे खातं डॉलर किंवा युरोत असतं, कर्मचाऱ्यांची बक्षिसी बहुधा रोजच्या रोज आपोआप चढते आणि आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. कार्डाची नावंही वेगळी. रॉयल कॅरिबियनवर त्याला सीपास म्हणतात, कार्निव्हलवर सेल अँड साइन, डिस्नेवर की टू द वर्ल्ड. वस्तू तीच.

मुलगा कुठे आहे हे कार्डावरून कळेल का? बोटीवर आहे की किनाऱ्यावर, एवढं बोटीला कळतं. त्यापलीकडे तो डेकवर आहे की कुणाबरोबर जिन्यात बसलाय, हे रिसेप्शन तुम्हाला सांगणार नाही. प्रिन्सेस क्रूझेसच्या बोटींवर कार्डाऐवजी नाण्याएवढी चकती देतात, तिच्यावरून आपल्या माणसांना बोटीवर शोधता येतं. तुमच्या बोटीवर साधं कार्ड असेल, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला एवढ्या बंदिस्त जागेत मोकळं सोडायची संधी मुंबईत परत मिळणार नाही. चहूबाजूंनी पाणी, पावलोपावली कर्मचारी. साडेचारला चहाला या ठिकाणी आणि रात्री अकराला केबिनमध्ये, एवढं ठरवा आणि वेळ पाळली नाही तर काय, तेही आधीच ठरवा. आणखी एक करता येतं: त्याच्या केबिनची एक जादा किल्ली तुमच्यासाठी मागा. नावं बुकिंगवर एकत्र असतील तर सहसा देतात. मात्र ती नुसतं दार उघडणारी किल्ली. उतरताना-चढताना ज्याचं त्याचं कार्डच लागतं, ही गल्लत करू नका.

मुलीचं कार्ड मात्र तुम्हा दोघांपैकी एकाकडे ठेवा, आणि रोज सकाळी कोणाकडे ते बोलून ठरवा. बोटीतून उतरताना तिच्या हातात द्या, तिला स्वतः टिंग वाजवू दे. मुलांच्या खेळघरात सोडणार असाल तर तिला परत न्यायला कोण येऊ शकतं त्या यादीत आजी-आजोबांची नावंही घाला. नाहीतर आजी न्यायला जाईल आणि तिला नम्रपणे परत पाठवतील, मग दिवसभराचं वातावरण तुम्हीच कल्पून घ्या.

सासूबाईंना सांगा, कार्डावर नंबर लिहायचा नाही. तो कार्डावर छापत नाहीत तो विसरून नव्हे, मुद्दाम. कार्ड डेकवर पडलं आणि कोणाला सापडलं, तर कुठलं दार उघडतं हे त्याला कळू नये. पण त्यांची अडचण खरी आहे. बोटीच्या बोळात सगळी दारं एकसारखी, दोन्ही बाजूंनी, नजर पोचेपर्यंत. मी स्वतः दोनदा दुसऱ्याच दाराशी कार्ड लावून 'हे चालतच नाही' म्हणून चिडलेय आणि आतून एक सरदारजी बाहेर आले. यावर उपाय आहे. केबिनची दारं लोखंडी असतात, त्यावर फ्रिजचं मॅग्नेट बसतं. घरच्या फ्रिजवरचा गणपती काढून न्या आणि दारावर लावा. सासूबाई गणपती शोधतील, नंबर लागणारच नाही. नंबर हवाच असेल तर त्यांच्या जपाच्या वहीत लिहून ठेवू दे.

केबिनच्या दाराजवळ भिंतीत एक खाच असेल तर त्यात कार्ड घातल्यावर दिवे आणि एसी चालतात. खोली गार राहावी म्हणून कोणाचं तरी कार्ड तिथेच सोडून जायचा मोह होतो, आणि मग तो माणूस दिवसभर निनावी फिरतो. काही बोटींवर कुठलंही जाड कार्ड चालतं, घरून एखादं जुनं न्या, चाललं तर चाललं.

उरलात तुम्ही. विसराळू. ठीक आहे, विसराळू माणसांसाठीच गळ्यातल्या दोऱ्या निघाल्यात. रिसेप्शनला सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी कार्डाला भोक पाडून देतात, स्वतः पाडू नका, आत चिप किंवा तार असते. दोरी ओढली की सुटणारी घ्या, मुलीच्या गळ्यात तर तसलीच. आणि समजा हरवलंच. रिसेप्शनला जायचं, नाव सांगायचं, ते जुनं कार्ड रद्द करतात, पडद्यावर तुमचा फोटो बघतात आणि नवीन देतात. रांग नसेल तर पाच मिनिटं. काही ठिकाणी किरकोळ पैसे लागतात. 'कोण निस्तरणार' या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: काउंटरवरची मुलगी. तुमचं कार्ड तुमच्या गळ्यात. यावर घरात चर्चा ठेवू नका. पहिल्या दिवशी गळ्यात घाला आणि पोहायला निघा.

यजमानांकडून जुडगा काढून घेताय तर त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या. ज्या माणसाला सहा जणांची काळजी वाटते त्याला 'तुम्ही गप्प बसा' म्हणून भागत नाही. सगळ्यांची आधार कार्डं आणि बोर्डिंगचे कागद त्यांच्या पाऊचमध्ये राहू देत. ते खरोखर हरवता कामा नयेत आणि बोटीवर रोज लागतही नाहीत. रोज सकाळचा हिशोब तेच तपासू देत. महाबळेश्वरचं मात्र एकदा त्यांना सांगा, निघायच्या आधी, घरी, चहा पिताना. पत्रावरून वाटतं की त्यांना ते पाऊण तास माहीतच नाहीत. ते बाजारातून आले तेव्हा तुम्ही दार उघडून आत गेलात आणि विषय संपला असणार. 'मी बाहेर उभी होते' एवढंच सांगा, आवाज न चढवता, आणि मग गप्प बसा. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

शेवटच्या सकाळी बिल भागवलं म्हणून कार्ड केबिनमध्ये टाकून निघू नका. उतरतानाही ते एकदा लावावं लागतं, तेव्हा बोटीच्या यादीतून तुमचं नाव निघतं. मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत जवळ ठेवा.

आणि हो, तो गणपतीचा मॅग्नेट. मी माझा पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवला होता ज्यात कार्ड होतं. काळ्या पट्टीची कार्डं चुंबकाने पुसली जातात, पर्सच्या चुंबकी बटणानेसुद्धा. चढून तासही झाला नव्हता, मी दारासमोर, हातात सामान, लाल दिवा लागतोय आणि दार ढिम्म. तुमचा बाप्पा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, कार्डापासून लांब.